जुन्या गिटार पेडलचे दोन नॉब खरखरतात, तिसरा नुसताच गोल फिरतो. खालचे पॉट (नॉबने फिरणारे बदलते रेझिस्टर) बदलावेत की दुरुस्त करावेत?

‘पॉट बदलून टाका, शंभर-दीडशेचं काम’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुम्ही लिहिलंय की मामांकडून आलेला ऐंशीच्या सुमाराचा जपानी डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज जाडाभरडा करणारा पेडल, आहे आणि धुळ्यातल्या दुकानदाराने उघडून न बघताच तिन्ही पॉट नवे घालायला सांगितलंय. घालू नका. निदान आज तरी नका.

आमच्या घरात हा वाद लागला तो दाजींमुळे. दाजी आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे, मी लीड गिटार. चोपड्यापासून चाळीसगावापर्यंत लग्नं, हळदी, गणपती, सगळं आम्ही वाजवलंय. दाजींकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, त्यामुळे वायर तुटो नाहीतर बल्ब जावो, शेवटचा शब्द त्यांचा. मी काही बोललो की, ‘तू ऱ्हाऊ दे भो, तुले काय समजस त्यामा?’ आता बहिणीच्या नवऱ्याला उलट कोण बोलणार? आईच आधी माझ्यावर डोळे वटारायची.

माझ्याकडे एक फझ होता, डिस्टॉर्शनच्याच जातीचा पेडल. भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या एका काकांनी सत्तरच्या दशकात हाताने बनवलेला, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात. आत एसी १२८ ची जोडी, म्हणजे त्या काळी घरोघरच्या रेडिओत असायचे तेच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. सर्किट १९६६ साली लंडनहून आलेल्या फझ फेस नावाच्या पेडलचं: दोन ट्रान्झिस्टर, दोन नॉब, बस्स. व्हॉल्यूमला ५०० के, फझला १ के (के म्हणजे किलोओहम). आवाज असा की वरातीतल्या बँजोवाल्यानेही तो मागून नेलेला. एकच खोड, जर्मेनियमला उन्हाळा सोसत नाही. तापलं की ट्रान्झिस्टरचा लीकेज (नको तो गळता प्रवाह) वाढतो, बायस (त्याचं ठरलेलं व्होल्टेज) सरकतो आणि सूर फाटायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि लग्नंही नेमकी तेव्हाच. दुपारच्या वरातीत मी तो डबा ओल्या फडक्यावर ठेवून वाजवायचो.

तर एका लग्नसराईत फझचा नॉब खरखरायला लागला. साधी खरखर नाही, फिरवला की स्पीकर भुईमूग फोडल्यासारखा वाजायचा. दाजी म्हणाले पॉट गेला. आधी त्यांनी शिलाई मशीनचं तेल सोडलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पहिल्याहून वाईट. मग कामानिमित्त मोठ्या शहरात गेले तेव्हा डबा घेऊन गेले आणि तिथल्या एका दुकानातून दोन्ही पॉट नवेकोरे घालून आणले. मला विचारलंही नाही.

दोन-चार वराती झाल्या नाहीत तोच खरखर हजर! वर व्हॉल्यूमचा नॉब हाताला वेगळाच लागायचा. जरा उघडला की सगळा आवाज अंगावर, पुढे फिरवत बसा, काही फरक नाही. कारण उघड होतं. मूळचा पॉट होता ए, म्हणजे लॉग, आणि दुकानदाराने घातला होता बी, म्हणजे लिनियर. आपल्या कानाला आवाज लॉगच्या हिशेबाने वाढलेला सरळ वाटतो, लिनियरला तो पहिल्या पाव वळणातच उरकतो. दाजींचं म्हणणं काय, तर ‘नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो.’ पॉट म्हणजे काय लोणचं आहे का मुरायला?

रात्री मी ओसरीवर डबा उघडला आणि काट्याचा मल्टिमीटर घेऊन बसलो. फझच्या १ के पॉटचा मधला पाय एका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून ग्राउंडला जातो, २० मायक्रोफॅरडच्या आसपासचा. त्याचा एक पाय सोडवून ओहमवर लावला. चांगल्या कपॅसिटरला काटा उसळी मारतो आणि हळूहळू पार मागे जाऊन बसतो. हा उसळला, मागे निघाला आणि मधेच थांबला. थांबला तो थांबलाच. म्हणजे कपॅसिटर गळका. त्याने डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) अडवायचा, तर त्यातूनच डीसी वाहतोय आणि तो पॉटच्या वायपरमधून, म्हणजे आतल्या कार्बनवर घासत फिरणाऱ्या बोटांतून जातोय. वायपरमधून डीसी वाहायला लागला की नवाकोरा पॉटसुद्धा खरखरणार, तुम्ही तो सोन्याचा आणून लावा. २२ मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर टाकला, चहाच्या पैशातला. खरखर गायब.

जुने पॉट ताईने जपून ठेवले होते म्हणून वाचले. दुकानदाराने पिशवीत घालून परत दिले होते, दाजी टाकायला निघाले होते आणि तिने ते शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर ठेवले. फझचा पॉट मी उघडला. पाठीमागच्या पत्र्याच्या चार पाकळ्या चाकूने अलगद उचकटल्या की झाकण निघतं. आत कार्बनचा अर्धगोल ट्रॅक आणि त्यावर राखाडी नमद्यासारखा थर! आमची तालीम जिनिंगशेजारच्या गोदामात चालायची, तिथले कापसाचे बारीक तंतू आत शिरलेले आणि दाजींच्या तेलात भिजून घट्ट बसलेले. धुतलेल्या सुती चिंधीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं. खाली वायपरच्या बोटांनी पाडलेली चकचकीत चाकोरी दिसली, पण तिच्या दोन्ही बाजूंचा कार्बन कोरा. सुईच्या टोकाने वायपरची बोटं केसभर बाहेर वाकवली म्हणजे ती कोऱ्या भागावरून फिरतील, आणि पाकळ्या परत दाबल्या. तो पॉट त्या डब्यात आजही आहे. दाजी अजून म्हणतात की नवे पॉट ‘सेट’ झाले असते.

आता तुमच्याकडे येतो. बॅटरी लावा, केबल गिटारच्या बाजूने काढा पण पेडलच्या इनपुटमधला प्लग राहू द्या (बहुतेक पेडलमध्ये त्याशिवाय बॅटरी जोडलीच जात नाही) आणि लेव्हलच्या, म्हणजे आवाजाच्या, पॉटच्या टोकाच्या दोन पायांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. ग्राउंडशी मोजू नका, कारण अशा पेडलमध्ये बऱ्याच जागी साडेचार व्होल्टचा बायस मुद्दाम दिलेला असतो आणि तुम्ही उगाच घाबराल. लेव्हलवर ठळक व्होल्टेज दिसलं तर दोष त्याच्या आधीच्या कपॅसिटरचा, पॉटचा नाही. काही नसेल तर बॅटरी काढा, पायांजवळच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा छोटासा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगला घोळवा. गंज सोडवायचा स्प्रे नको, शिलाई मशीनचं तेल तर अजिबात नको (दाजी). ट्रॅकवर पेन्सिल घासायचा जुगाड सांगणारे भेटतील. चार दिवस चालतो.

गोल फिरणाऱ्या नॉबचं तुम्ही नीट सांगितलेलं नाही. नुसता नॉब घसरत असेल तर बाजूचा स्क्रू कसा, किंवा शाफ्टला मधे चीर असेल तर पात्याने ती जरा रुंद करा. पॉटच नॉबबरोबर फिरत असेल तर नट ढिला आहे, तो आधी आवळा, नाहीतर आतल्या वायरी पिळवटून तुटतील. आणि दोन्ही टोकांना कुठेच न अडता फिरत असेल तर आतला अडसर मोडलाय. तिथे मात्र पॉट बदलण्यावाचून गत्यंतर नाही, हे मी दाजींसमोरही कबूल करतो.

बदलायचाच तर आकडा आणि अक्षर दोन्ही बघून. बॉस कंपनीच्या १९७८ च्या डीएस-१ डिस्टॉर्शनमध्ये टोनला २० के आणि बाकी दोन १०० के, तिन्ही बी. पण ट्यूब स्क्रीमर पेडलच्या टोनला २० के जी, म्हणजे एस आकाराच्या चढाचा, लागतो, फेज ९० पेडलच्या स्पीडला ५०० के सी, म्हणजे उलटा लॉग. आपल्याकडे काउंटरवर नुसतं ‘१०० के द्या’ म्हटलं की बी हातात पडतो. आवाजासाठी ए हवा आणि मिळत नसेल तर १०० के बी च्या मधल्या आणि ग्राउंडच्या पायात १५ के चा रेझिस्टर टाका, काम भागतं. जुन्या युरोपियन पॉटवर मात्र ए म्हणजे लिनियर, तिथे फसू नका.

आणि काढलेला पॉट परत मागा, फेकू देऊ नका. अमेरिकन पेडलमध्ये तर पॉटच्या पाठीवर जन्मतारीखच असते. १३७७३२२ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७३ साल, बाविसावा आठवडा. हे दाजींना सांगितलं तर म्हणाले, ‘कोण बघायला जातंय?’ विकत घेणारा बघतो, दाजी.

जळगावात कुणी करतं का, असंही विचारलंय. मोबाइलवाल्याकडे नेऊ नका. अ‍ॅम्प्लिफायर आणि जुने रेडिओ उघडणारा माणूस शोधा आणि समोर बसून काम करून घ्या. जुन्या बोर्डाच्या तांब्याच्या पट्ट्या जास्त तापवल्या की उचकटतात, म्हणून २५ वॅटचाच सोल्डरिंग आयर्न.

राहिलेल्या दोन गोष्टी. फझ फेसच्या जातीत १ के पॉटच्या ट्रॅकमधून डीसी मुळातच वाहतो, त्यामुळे जराशी खरखर तिथे राहिली तर कपॅसिटरला दोष देऊ नका. आणि हे सगळं बॅटरीवरच्या डब्यांपुरतं. बॉसचा १९७६ चा कोरस पेडल सीई-१ किंवा टेप एको असले प्रकार थेट मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेवर चालतात, ते शिकायला म्हणून उघडू नका.

तुमच्या तिसऱ्या पॉटच्या पाठीवर काय छापलंय आणि तो दोन्ही टोकांना अडतो की नाही, तेवढं कळवा. मग पुढचं सांगतो.