बाकावर बसून राहिलेली आई

पत्र : माझी आई गेल्या वर्षी ९३व्या वर्षी देवाघरी गेली. आम्ही पाच भावंडे, तिची चौदा नातवंडे. पहिल्या पुण्यस्मरणाच्या मिस्सेच्या (चर्चमधल्या सामूहिक उपासनेच्या) दिवशी नातवंडांच्या हाती द्यायला एक छोटी पुस्तिका काढायची ठरली असून ती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आईची श्रद्धा, तिची रोझरी (जपमाळेची प्रार्थना), तिचे उपवास, तिचे कष्ट यांवर मी आठ पाने लिहिली. पण वाचताना ती कुणाचीही आई वाटते, माझी वाटत नाही. मी सात-आठ वर्षांची असताना, म्हणजे १९७०च्या सुमारास, आई काही वर्षे मिस्सेत ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीपाशी मिळणारी पवित्र भाकर, घ्यायला उठत नसे. बाकावर बसूनच गुडघे बाजूला घेऊन आम्हाला वाट करून देई. पुढे ती पुन्हा जाऊ लागली. पण ते जाऊ दे, थोरला भाऊ म्हणतो की तसले काही लिहायचे नाही. खरी अडचण माझ्या मुलीची आहे. घटस्फोटानंतर तिने नोंदणी पद्धतीने, चर्चला मान्य नसलेले दुसरे लग्न केले आणि मिस्सेला येणेच सोडले. ‘प्रसाद घेता येत नाही, तर तिथे बसून काय करू?’ असे म्हणते. आई तिला कधी रागावली नाही, ‘मिस्सेला ये, माझ्या शेजारी बस’ एवढेच म्हणायची. आजीची श्रद्धा वाचून तिचे डोळे उघडतील, असे काय लिहू?

उत्तर : ताई, ‘पण ते जाऊ दे’ या चार शब्दांनी तुम्ही जे बाजूला सारले आहे, तेवढेच तुमच्या पत्रात तुमच्या आईचे आहे. बाकीचे कुठल्याही श्रद्धाळू कॅथलिक बाईविषयी लिहिता येईल आणि म्हणूनच ती आठ पाने तुम्हाला परकी वाटत आहेत. तुमच्या लेखणीत काही दोष नाही. तुम्ही मुद्द्याची गोष्ट गाळून लिहायला बसला आहात, एवढेच.

ते गुडघे मला डोळ्यांसमोरून हलवता येत नाहीत. रांग सुरू होते, बाकावरची माणसे एकेक करून उठतात, आणि कडेला बसलेली एक तरुण आई कुणाला अडचण होऊ नये म्हणून अंग चोरून पाय बाजूला घेते. तिच्या गुडघ्यांना घासून तिचीच मुले वेदीकडे जातात, परत येतात, आणि ती पुन्हा पाय बाजूला घेते. हे एका रविवारी घडलेले नाही. वर्षानुवर्षे घडले आहे.

त्या काळात असे बसून राहणे म्हणजे काय होते, हे तुमच्या मुलांना कदाचित कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगते. तुमच्या आईच्या लहानपणी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून अन्नाचा कण किंवा पाण्याचा घोटही चालत नसे. त्यामुळे एखादी व्यक्ती बाकावर बसून राहिली, तर तिने रात्री पाणी प्यायले असेल, असे म्हणून लोक सोडून देत. १९५३मध्ये पाण्याची मुभा मिळाली, १९५७मध्ये पोप बारावे पायस यांनी हा उपवास तीन तासांवर आणला, आणि १९६४मध्ये तो अवघ्या एका तासाचा झाला. रांगा लांबल्या, जवळजवळ सगळेच उठू लागले, आणि न उठण्याला सोयीची सबबही उरली नाही. म्हणजे तुमची आई ज्या वर्षांत बसून राहिली, त्या वर्षांत ते बसणे सगळ्या देवळाला दिसत होते.

ती का बसून राहिली, हे मला माहीत नाही आणि तुम्हीही ते खोदू नये. गंभीर पापाची जाणीव मनात असताना पापनिवेदन केल्याशिवाय, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करून क्षमा मागितल्याशिवाय, ख्रिस्तप्रसाद घेऊ नये, ही चर्चची शिकवण तिने मनावर घेतली असेल. संसारातल्या एखाद्या निर्णयावरून तिचे आणि चर्चचे जुळत नसेल. कुणाला क्षमा करणे तिला जमत नसेल. फादरांना पापनिवेदनात काही कळले असेल, तर त्या गुपिताला कायमची मोहोर लागलेली असते आणि ते त्यांच्याबरोबरच जाते. कारण तिचे होते. तिने तुमच्यासमोर जे केले ते मात्र तुमचे आहे, कारण ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

तिच्यापुढे दोन सोप्या वाटा होत्या. मनातले मनात ठेवून, लोकांची तोंडे बंद राहावीत म्हणून ती इतरांसारखी उठून रांगेत उभी राहू शकली असती. ख्रिस्तप्रसाद हा नुसता रिवाज आहे असे मानणाऱ्या बाईने तसेच केले असते. नाहीतर पाच मुलांच्या धबडग्याचे निमित्त सांगून ती घरीच थांबू शकली असती. देवाशी संबंध संपला असे वाटणाऱ्या बाईने ते केले असते. तुमच्या आईने दोन्ही नाकारले. रविवारची मिस्सा चुकवायची नाही हे बंधन तिने पाळले आणि जे घेण्याचा अधिकार आज आपल्याला नाही असे तिला वाटले, ते घेतलेही नाही. हातात काही मिळत नसताना ती दर रविवारी तिथे गेली. तुम्ही तिच्या श्रद्धेचा पुरावा रोझरीच्या मण्यांत शोधता आहात. माझ्या लेखी तो त्या बाकावर आहे, आणि उरलेल्या आयुष्यातल्या सगळ्या रोझरीला त्यानेच वजन येते.

थोरल्या भावाला आई निष्कलंक हवी आहे. त्यांच्या दुःखाचा मला आदर आहे, त्यांच्या मताचा नाही. अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचन असावे, पण ते मृताचे गुणगान होऊ नये, असे चर्चचे नियमच सांगतात. घरच्या कुणाला आठवणीचे दोन शब्द बोलायचे असतील, तर ते ख्रिस्तप्रसादानंतरच्या प्रार्थनेनंतर, अखेरचा निरोप देण्याआधी बोलता येतात. यामागचे कारण मोठे आहे. त्या मिस्सेत आपण गेलेल्या माणसासाठी देवाची दया मागतो, आणि जिच्यात काहीच उणे नव्हते तिच्यासाठी दया मागण्याचे प्रयोजन काय? पुण्यस्मरणाची मिस्साही तुम्ही त्याच प्रार्थनेसाठी अर्पण करणार आहात. पुस्तिकेत तिला संत करून ठेवाल आणि वेदीपाशी तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना कराल, हे एकमेकांशी जुळत नाही.

आता तुमच्या मुलीविषयी. इथे मात्र मला तुमचा राग येतो, ताई. ‘तिथे बसून काय करू?’ हा प्रश्न तिने तुम्हाला विचारला, आणि त्याचे उत्तर तुमच्या आईने पन्नास वर्षांपूर्वी तुमच्यासमोर आचरून दाखवले होते. तुम्ही ते पाहिले होते. तरीही तिचे डोळे उघडावेत म्हणून तुम्ही आठ पानांची शिकवण लिहीत बसलात, आणि जी एक गोष्ट तिला आधार देऊ शकली असती ती ‘जाऊ दे’ म्हणून खोडलीत. असे दुसरे लग्न केलेल्यांनी आपण चर्चपासून तुटलो असे समजू नये, त्यांनी देवाचे वचन ऐकावे, मिस्सेला यावे, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१मध्ये लिहिले. त्यांना ख्रिस्तप्रसाद मात्र देता येत नाही, हेही त्याच पत्रात आहे. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०१६मध्ये धर्मगुरूंना अशा प्रत्येकाची परिस्थिती समजून घेत त्याच्याबरोबर चालायला सांगितले. तुमच्या मुलीला हे आज ना उद्या एखादे चांगले फादर समजावतील. पण रांगेकडे पाहत बाकावर बसून राहणे कसे असते, हे तिला आजीखेरीज दुसरे कोण सांगू शकले असते? ‘माझ्या शेजारी बस’ हे आजीचे बोलावणे त्या जागेची पूर्ण माहिती असलेल्या बाईचे होते. ती नातीवर रागावली नाही याचे तुम्हाला कारण कळले नाही. मला ते तुमच्याच पत्रातून कळले.

तेव्हा पुस्तिका बाजूला ठेवा आणि या आठवड्यातच मुलीकडे जा. फोनवर सांगू नका, लिहून पाठवू नका. समोर बसून तिला एवढेच सांगा की मी लहान असताना तुझी आजी काही वर्षे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत नव्हती, ती गुडघे बाजूला घेऊन आम्हाला वाट देत असे, आणि तरी तिने एकही रविवार चुकवला नाही. कारण विचारले तर माहीत नाही म्हणा, ते खरेच आहे. त्यानंतर तात्पर्य सांगू नका, ‘म्हणून तूही’ असे वाक्य सुरूही करू नका, आणि पुण्यस्मरणाच्या मिस्सेला येशील का, असे विचारू नका. ती रडली तर रडू द्या, गप्प राहिली तर गप्प राहू द्या, चिडून ‘इतकी वर्षे हे का लपवलेस?’ म्हणाली तर ऐकून घ्या, कारण तिचे म्हणणे बरोबर असेल.

ती आठवण पुस्तिकेत घालायची की नाही, हे मग मुलीला विचारून ठरवा. भावाची परवानगी मागायची गरज नाही. तेही त्याच गुडघ्यांना घासून वेदीपाशी गेलेले आहेत, आणि त्यांना ते न आठवण्याची मुभा असली, तरी तुमची आठवण पुसण्याचा अधिकार नाही. छपाई लांबली तर लांबू द्या. पुण्यस्मरणाची मिस्सा पुस्तिकेवाचूनही होते.