पीआरच्या फॉर्मवर ‘अविवाहित’ राहू द्यायचं आणि बायकोला मागाहून कॅनडात बोलवायचं, असं चालतं का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही ओंटारियोत वर्क परमिटवर आहात, एक्स्प्रेस एन्ट्रीतून (कुशल कामगारांना गुणांवर निवडायची कॅनडाची पद्धत) पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज गेलेला आहे, होणारी बायको कणकवलीत आहे आणि घरच्यांनी मे महिन्यातला मुहूर्त धरलाय. मामा म्हणतात, फॉर्मवर अविवाहितच राहू दे, पीआर हातात आला की बायकोला स्पॉन्सर कर, म्हणजे हमी देऊन बोलावून घे. तुम्हाला जाणून घ्यायचंय की स्पॉन्सरशिपला किती महिने लागतात आणि एजंटला किती पैसे द्यावेत.

महिन्यांचं आणि एजंटाचं पुढे येईल. आधी मामांचं. मामांचं ऐकलंत तर स्पॉन्सरशिपला किती महिने लागतात हा प्रश्नच उरणार नाही, कारण स्पॉन्सरशिपच मिळणार नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत ११७(९)(ड) नावाचं कलम आहे. पीआर मिळेपर्यंत तुमच्या कुटुंबात जी व्यक्ती होती आणि तुम्ही ती दाखवली नाही, तिची मेडिकल तपासणी वगैरे झाली नाही, ती व्यक्ती पुढे कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. मुदत वगैरे काही नाही, दहा वर्षांनी अर्ज केला तरी नाही. आणि ‘पीआर मिळेपर्यंत’ म्हणजे अर्ज पाठवला त्या दिवसापर्यंत नव्हे, तर पीआर प्रत्यक्ष पदरात पडेपर्यंत. मधल्या काळात झालेलं लग्नही त्यात आलं.

आमच्या सिंधुदुर्गात हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून इतक्या जोरात लिहितोय. वेंगुर्ल्याकडच्या एका मुलीची स्पॉन्सरशिपची फाईल नकार आल्यावर माझ्याकडे वाचायला आली होती. मुलगा तुमच्यासारखाच, पीआरचा अर्ज गेलेला. लग्न मेमध्ये, दारात मांडव घालून, भटजी, सप्तपदी, गावजेवण सगळं झालं. मुलगा परत गेला आणि पुढच्या महिन्यात त्याला पीआर मिळाला. कुटुंबात काही बदल झालाय का, या प्रश्नाला त्याने ‘नाही’ असं उत्तर दिलं, कारण चुलत्यांनी ठरवून दिलं होतं: लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत अजून केलेली नाही, तेव्हा कागदावर लग्न नाही. ‘रजिस्टर केलला नाय, मगे लगीन झाला कसा?’ हे त्यांचं वाक्य. नोंदणी केली गणपतीला, मुलगा सुट्टीवर आला तेव्हा.

आता त्या नोंदणीचा दाखला नीट बघा. आपल्याकडे नोंदणी होते ती महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली. दोघांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या भटजींच्या किंवा काझींच्या सह्यांचं ज्ञापन द्यायचं, त्यावरून ग्रामसेवक किंवा नगरपरिषद दाखला देते. त्या दाखल्यावर लग्न कधी लागलं ती तारीख असते आणि नोंदणी कधी झाली ती वेगळी असते. अधिकारी पहिली तारीख वाचतो. म्हणजे नोंदणी चार महिने लांबवून चुलत्यांनी मिळवलं काय, तर आपल्याच हाताने पुरावा तयार केला की लग्न पीआरच्या आधीचं आहे आणि ते लपवलं होतं.

कायद्याने तरी चुलते बरोबर होते का? नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या सातव्या कलमाप्रमाणे जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. निकाहाचंही तसंच, कबूल झालं की झालं. नोंदणी हा लग्नाचा पुरावा आहे. उलट बाजूही ध्यानात ठेवा: नुसती नोंदणी, विधी काहीच नाही, असं ‘व्हिसापुरतं’ लग्नही हिंदू विवाह कायद्याखाली लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. विधी नको असतील तर विशेष विवाह कायदा, १९५४ वापरा. त्यात दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस मुक्काम हवा, शिवाय तीस दिवसांची नोटीस असते. तीन आठवड्यांच्या रजेत ते बसत नाही.

त्या मुलीच्या नकारावर अपील केलं होतं. तीस दिवसांत करायचं असतं, केलंही. पण ती व्यक्ती कायद्याने ‘कुटुंबवर्गात’ बसतच नसेल तर अपिलाच्या मंडळाला दयेच्या आधारावर विचार करण्याचा अधिकारच नाही, असं कॅनडाच्या मूळ इमिग्रेशन कायद्याचं ६५ वं कलम म्हणतं. उरतो पंचविसाव्या कलमाखाली मानवतेच्या आधारावरचा विनंती अर्ज, ज्याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. २०१९ मध्ये अशा वगळलेल्या कुटुंबीयांसाठी एक सूट सुरू झाली, पण ती निर्वासित म्हणून गेलेल्यांना किंवा स्वतः कुटुंबाच्या स्पॉन्सरशिपवर गेलेल्यांना. एक्स्प्रेस एन्ट्रीने गेलेल्या इंजिनियरला ती नाही. शिवाय माहिती लपवल्याबद्दल ४० व्या कलमाखाली मुलाच्या स्वतःच्या पीआरवर बालंट, ते वेगळंच. एवढं सगळं होऊन चुलते म्हणत राहिले की अधिकारी कडक निघाला. अधिकाऱ्याने दाखल्यावरची तारीख वाचली, बस्स.

आणि यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे लपवून फायदा काहीच नव्हता. ‘लग्न दाखवलं की गुण कमी होतात’ ही भीती असते. एक्स्प्रेस एन्ट्रीत जोडीदार धरला तर तुमचे मूळ गुण ५०० ऐवजी ४६० पैकी मोजतात आणि ४० जोडीदाराच्या शिक्षण-भाषा-अनुभवावर, हे खरं. पण जोडीदार ‘सोबत येत नाही’ असं दाखवलं तर गुण एकट्याचेच धरतात. त्यातही तुमचा अर्ज पोचलेला आहे. कायदा गुण बघतो ते सरकारकडून अर्जाचं निमंत्रण येण्याच्या आणि अर्ज पोचण्याच्या वेळचे. त्यानंतर झालेल्या लग्नाने ते घसरत नाहीत.

म्हणून तुमच्यापुढे तीन सरळ रस्ते आहेत.

मेमध्ये लग्न करा, दाखला लगेच काढा आणि पीआर मिळण्याआधी इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवरून कळवून बायकोला ‘सोबत येणारी’ म्हणून चालू अर्जात घाला. तिचे फॉर्म, फी, मेडिकल, पोलीस सर्टिफिकेट, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो) लागतील, तुमचा पीआर काही महिने लांबेल, पण तिलाही त्याच अर्जावर पीआर मिळेल. स्पॉन्सरशिपची गरजच नाही. माझं मत विचाराल तर हाच.

तुमचा वर्क परमिट संपत आला असेल आणि पीआर लांबणं परवडणार नसेल तर लग्न कळवा आणि तिला ‘सोबत न येणारी’ दाखवा. तरी तिची मेडिकल झालीच पाहिजे. इथे लोक चुकतात, ‘येत नाही तर तपासणी कशाला’ म्हणून टाळतात आणि पुन्हा त्याच कलमात अडकतात. मग पीआरनंतर स्पॉन्सर करा.

किंवा मेमध्ये फक्त साखरपुडा करा, पीआर मिळू द्या आणि लग्न त्यानंतर लावा. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे, तो कुठे अडवत नाही. पण वाग्दत्त वधूसाठी अमेरिकेत असतो तसला व्हिसा कॅनडात नाही, त्यामुळे स्पॉन्सरशिप लग्नानंतरच सुरू होते. आणि लग्नाला दोघं एका जागी हजर हवेत. फोनवर, व्हिडिओवर किंवा वकिलामार्फत लागलेलं लग्न २०१५ पासून धरत नाहीत. हे मुद्दाम आपल्या दापोली-खेडकडच्या वाचकांसाठी लिहितोय, कारण आखातातल्या मुलाचा फोनवरून निकाह तिकडच्या घरांना नवा नाही.

स्पॉन्सरशिपच करायची झाली तर मुख्य फॉर्म पाच: आयएमएम १३४४ (तुमचं हमीपत्र), ०००८, ५६६९, ५४०६ आणि नात्याची माहिती देणारा ५५३२. कागदांची यादी ५५३३ मध्ये. सगळं ऑनलाइन. फी ३० एप्रिल २०२४ च्या दराने ८५ + ५४५ + ५७५ मिळून १,२०५ डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५. भरताना चालू दर बघून घ्या. बायकोसाठी उत्पन्नाची किमान अट सहसा नसते, फक्त तुम्ही सरकारी मदतीवर (अपंगत्वाची सोडून) नसावं. पीआरधारक असाल तर तुम्ही कॅनडातच राहत असायला हवं. कॅनडा सोडून गावी येऊन बसलात तर अर्ज पडतो.

फाईल अडते ती बहुधा नावांवर. सावंत पासपोर्टवर डब्ल्यूने, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर व्हीने. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत नावाचा रकाना कोरा. आणि त्यावर आपली ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायची पद्धत. हौस म्हणून जरूर लिहा, पण ते नाव दाखल्यावर, आधारवर, पासपोर्टवर जाता कामा नये. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलणं सक्तीचं नाही. पीआर मिळेपर्यंत माहेरचंच नाव ठेवा. सासूबाई नाराज झाल्या तरी हरकत नाही, बारावीचा बोर्ड, पदवी, पॅन, बँक सगळं एका नावावर राहतं. जुने फरक असतील तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. मराठी कागदांचं भाषांतर घरातल्या कुणी केलेलं चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना.

पोलीस सर्टिफिकेट पासपोर्ट सेवामधून, फी ५०० रुपये. अर्जाच्या दिवशी ते सहा महिन्यांच्या आतलं हवं. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचं लागतं, म्हणजे दुबई-कतारला नोकरी केलेल्यांनी ते आधी मागवावं. मेडिकल ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच, सूचना आल्यावरच. ती आणि बायोमेट्रिक्स एकाच दिवशी जमवा, रात्रीच्या कोकणकन्येने निघून सकाळी मुंबई गाठता येते.

५५३२ मात्र मन लावून भरा. अधिकारी दोन गोष्टी बघतो: लग्न खरं आहे का, आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलंय का. एकीवरही संशय आला तरी नकार. ठरवून केलेलं लग्न त्यांना चालतं, पण आपल्या रीतीत न बसणारं काही दिसलं की ते थांबतात. मुलगा गणपतीला आला आणि भाद्रपदात, चातुर्मासात, वीस माणसांत लग्न उरकलं, तर ‘का?’ हे तुम्हीच आधी लिहा: रजा कधी होती, मुहूर्ताचं काय ठरलं, आईवडील होते की नाही, स्थळ कुणी आणलं, पत्रिका कुणी जुळवली. फोटो वीसच्या आत, चॅट-कॉलचे कागद दहा पानांत. त्यात नुसते मुंडावळ्या बांधलेल्या दोघांचे देऊ नका. अंतरपाटाशी उभे मामा, मांडवातली दोन्हीकडची माणसं, मागे हॉलची पाटी असे फोटो द्या. लग्नाची पत्रिका आणि हॉलची पावती जोडा. आहेराची वही असेल तर तिची दोन पानंही जोडावीत, कोण कुठल्या गावाहून आलं होतं ते त्यात आपोआप दिसतं.

होणाऱ्या बायकोलाही हे वाचायला द्या. ‘दोन वर्षं नवऱ्याजवळ राहावंच लागतं, नाहीतर तो पीआर रद्द करतो’ असं अजूनही सांगितलं जातं. ती अट ऑक्टोबर २०१२ ला आली होती आणि एप्रिल २०१७ मध्ये काढली. पीआर मिळाल्यावर नवऱ्याला तो काढून घेता येत नाही. तिचा खर्च उचलायची त्याची तीन वर्षांची हमी मात्र घटस्फोट झाला तरी चालू राहते.

एजंट: पैसे घेऊन तुमच्या वतीने अर्ज करायचा हक्क कॅनडातले वकील, तिथल्या लॉ सोसायटीचे सदस्य असलेले पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचे परवानाधारक यांनाच आहे. परवान्याचा क्रमांक मागा, त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. ‘अविवाहित राहू दे’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. सरळ फाईल असेल तर तुमची तुम्हीच भरू शकता.

महिने: साधारण वर्षभर धरा, कमीजास्त होतं. मधल्या काळात ती व्हिजिटर व्हिसा मागू शकते. तात्पुरतं येणं आणि पुढे कायमचं येणं हे दोन्ही हेतू एकत्र असायला कायद्याची हरकत नाही, पण नकार बरेच येतात.

तुम्ही ओंटारियोत आहात म्हणून एवढं सरळ लिहिलं. नोकरी बदलून मॉन्ट्रियलला जायचा विचार असेल तर थांबा: क्युबेकमध्ये प्रांताचं वेगळं हमीपत्र लागतं आणि असे अर्ज घेण्यावर तिथे २०२४ मध्ये मर्यादा घातली गेली. आणि दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा हवा. गावकीतल्या पंचांपुढे झालेली सोडचिठ्ठी दाखवायची असेल तर आधी तिथल्या वकिलाशी बोला.