तंबूत आजी-आजोबा: झेपेल का?

प्रश्न : ताई, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अटलांटाहून गाडीनं ऑर्लँडोला जातोय. डिस्नेच्या फोर्ट विल्डरनेस कॅम्पग्राउंडवर तंबूची जागा आरक्षित केली आहे. मुलं पाच आणि नऊ वर्षांची, शिवाय सांगलीहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. आम्ही आजवर कधी तंबू लावलेला नाही. झेपेल का?
— एक वाचक, अटलांटा

उत्तर : झेपेल, पण सासूबाईंना जमिनीवर झोपवू नका. गुडघ्याएवढ्या उंचीची फोल्डिंगची खाट न्या. माझ्या आईला आम्ही हवेच्या गादीवर झोपवलं होतं. सकाळी तिला उठवायला दोघं लागलो, आणि ती दिवसभर गप्प होती. अजून मनाला लागतं ते.

डिसेंबर निवडलात हे उत्तम. आमची पहिली खेप जुलैतली. तिथे उन्हाळ्यात दुपारी ढग दाटून आले की विजा आणि मुसळधार पाऊस ठरलेला. आम्ही डिस्नेच्या थीम पार्कात होतो. तंबूची जागा वाळूची, साध्या बारीक खुंट्या निघून आल्या आणि अंथरुणं भिजून चिंब झाली. मध्यरात्रीपर्यंत ड्रायरसमोर बसून होतो. तेव्हा वाळूत धरणाऱ्या लांब खुंट्या घ्या आणि निघण्याआधी एकदा घरामागे तंबू उभारून बघा. तिथल्या हिवाळी रात्री कधी दहा अंश सेल्सिअसच्याही खाली जातात. सासऱ्यांसाठी कानटोपी आणि जाड रजई हवीच.

तुमच्या जागेवर पाण्याचा नळ, वीज, बाकडं-टेबल आणि कोळशाची शेगडी मिळते. बाहेर वापरायची लांब एक्स्टेंशन वायर नेलीत की इलेक्ट्रिक किटली चालते. मग सकाळचा आल्याचा चहा कुठे शोधायला नको. शेगडीवर आम्ही वांगं भाजून भरीत केलं. भाकरी घरूनच नेल्या होत्या. खाणं मात्र रात्री गाडीत बंद करून ठेवा, रॅकून नावाचे मांजराएवढे रानटी प्राणी येऊन डबे उघडतात.

स्वच्छतागृहं आणि अंघोळीच्या खोल्या छान आहेत, वातानुकूलित आहेत, वॉशिंग मशीनही तिथेच. पण रात्री अंधारातून चालत जावं लागतं. 'जागा स्वच्छतागृहाजवळची द्या' असं आत्ताच कळवून ठेवा. खात्री देत नाहीत, तरी विनंती करावी. प्रत्येकाच्या उशाशी टॉर्च असू दे.

कॅम्पग्राउंड साडेसातशे एकरांचं. आत फिरायला बस आहे, तरी सासूबाईंसाठी गोल्फ कार्ट, म्हणजे छोटी उघडी गाडी, भाड्यानं घ्याच. खर्च वाटेल, पण दुसरीकडे वाचवा. नाताळात कार्ट मिळणं कठीण, आजच फोन करा.

आणि कळकळीनं सांगते, रोज पार्क नको. एक अख्खा दिवस तंबूपाशीच घालवा. नाताळात लोक आपापल्या तंबूभोवती, गाड्यांवर दिव्यांच्या माळा लावतात. ते बघत कार्टमधून हिंडायला सासऱ्यांना फार आवडेल. घोड्यांचा तबेला आहे, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी असतात, मुलं मार्शमेलो भाजतात.

डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कला जाताना बस नको, धक्क्यावरून बोट घ्या. विजा चमकू लागल्या तर ती थांबवतात, एरवी बे लेक हे तळं ओलांडून थेट दारापाशी सोडते. थंडीतल्या सकाळी पाण्यावर धुकं असतं. सासूबाईंना शाल गुंडाळून कडेला बसवा.