जुन्या फायबरच्या बोटीचा ट्रान्सम (इंजिन जिथे बसतं ती मागची उभी भिंत, आत प्लायचं लाकूड आणि दोन्ही बाजूंना फायबर) आतून कुजलाय. भोकं पाडून इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारं रेझिन) ओतलं तर चालेल का?

नाही चालणार. ओल्या, कुजलेल्या लाकडात इपॉक्सी नीट मुरतच नाही, आणि इंजिनाचा सगळा भार त्या ट्रान्समवरच असतो.

आधी कूज कुठवर गेलीय ते बघा. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज बदलून बद्द झाला की तिथे आतल्या बाजूने ५ मिमीचं भोक पाडा. पिवळसर कोरडा भुसा आला तर लाकूड शाबूत. काळपट ओला लगदा आला तर तिथून अजून वीतभर पुढे तपासा, कारण पाणी प्लायच्या थरांतून लांब सरकतं.

मग आतली फायबरची कातडी कापून कुजकं लाकूड खरवडून काढा. बाहेरची कातडी शाबूत ठेवा, तोच तुमचा साचा. ती पूर्ण वाळू द्या (इथेच लोक घाई करतात), ४० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, ॲसिटोनने पुसा. नवा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड) घट्ट कालवलेल्या इपॉक्सीत बसवा, वर ग्लासकापडाचे थर. जुन्या फायबरवर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सीची पकड चांगली. जोडाची कड कातडीच्या जाडीच्या बारापट लांबीत उतरती घासा.

इंजिनाच्या बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यातच योग्य मापाची पाडा. बहुतेक वेळा पाणी शिरलेलं असतं ते अशाच एखाद्या उघड्या भोकातून.