किल्ली आणि डिपॉझिट एकाच टेबलावर

चि. ...,
अनेक उत्तम आशीर्वाद.

३१ मेला पुण्यातलं घर सोडायचं आहे, ७५ हजार डिपॉझिट अडकलंय आणि मालक आत्तापासूनच ‘बघू, देऊ’ म्हणतायत, असं तू कळवलंस. किल्ली अजून तुझ्या खिशात आहे, हे बरं. किल्ली दिल्यावर तू फक्त फोन करणारा माणूस उरतोस. म्हणून जे करायचं ते या महिन्याभरात.

आधी करार काढ. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात अनामतीचं एक कलम असतं. पैसे ‘ताबा देतेवेळी’ परत द्यायचे आहेत की ‘ताबा दिल्यानंतर ३० दिवसांत’, हे त्यात पाहा. वजावट कशाकशाची करता येईल, तेही वाच. मालकाने पैसे न दिल्यास भाडं न देता राहण्याची मुभा किंवा व्याज, अशी तरतूद बऱ्याच करारांत असते. ती तुझ्या करारात आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं. अशी मुभा असेल तर तारीख उलटल्यावरही घरात बसून पैसे मागता येतात. नसेल तर चुकूनही बसू नकोस. मुदत संपून ताबा दिला नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं मागता येतं आणि तुझंच डिपॉझिट त्यात वितळेल.

कराराची प्रत सापडत नसेल तर आयजीआर महाराष्ट्रच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी विभागाच्या, संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) शोध. नोंदणी झालेली असेल तर तिथे मिळेल. नोंदणीच झालेली नसेल तर घाबरायचं तुला कारण नाही. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर येतो. तरी पैसे दिल्याची बँकेतली नोंद काढून ठेव, कारण काही मालक कागदावर २५ हजार दाखवून उरलेले रोख घेतात. स्टॅम्प ड्यूटी वाचते, असं त्यावर सांगतात. हिशेब करून बघ: परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि त्यावर पाव टक्का ड्यूटी लागते, म्हणजे लाखामागे वर्षाला २५ रुपये! तेवढ्यासाठी कुणी लाखाचा पुरावा सोडू नये.

मालक चालढकल का करतात, हेही समजून घे. दर वेळी लबाडी नसते. तुझे पैसे केव्हाच कुठल्यातरी हप्त्यात किंवा लग्नकार्यात गेलेले असतात आणि ते परत येणार असतात पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून. ‘नवा माणूस आला की देतो’ हे वाक्य म्हणूनच शब्दशः खरं असतं. तेव्हा नोटिशीच्या महिन्यात घर दाखवायला नाही म्हणू नकोस. शनिवार-रविवारच्या वेळा आधीच देऊन टाक, घर आवरलेलं ठेव. घर लवकर लागण्यात तुझाच फायदा आहे. आणि मालकांना सरळ विचार: मेचं २५ हजार भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्याल का? हो म्हणाले तर व्हॉट्सॅपवर लिहून घे. मग अडकलेले पैसे ५० हजारच उरतात. न विचारता भाडं थांबवायचा सल्ला मित्र देतील. तो ऐकू नकोस. करारभंग तुझ्याकडून होतो आणि मालकाला आयतं निमित्त मिळतं.

आता पत्र. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) आणि नोटिशीचे दिवस मोजून घे. एक महिन्याच्या नोटिशीत चार दिवस कमी पडले म्हणून अख्खं भाडं कापणारे आहेत. व्हॉट्सॅप आणि ईमेल दोन्हीवर एवढंच लिही:

‘आपल्या फ्लॅटचा करार ३१ मे रोजी संपत आहे. त्या दिवशी सायंकाळी ५ वाजता रिकामा ताबा आणि ३ किल्ल्या आपल्याकडे देईन. कराराप्रमाणे ७५,००० रुपये अनामत त्याच वेळी माझ्या खात्यात जमा करावी. काही वजावट असल्यास २४ मेपर्यंत तपशिलासह कळवावी. त्याआधी एकदा घर पाहून जावं.’

घर पाहून जायचं हे निमंत्रण औपचारिक समजू नकोस. सामान हलवल्यावर भिंतीवरचे डाग पहिल्यांदा दिसतात आणि भांडण तिथेच पेटतं. आठवडाभर आधी ते दिसले तर दुरुस्ती तुझ्या ओळखीच्या माणसाकडून, तुझ्या दरात होते. वापराने होणारी झीज मालकाची: रंग फिका पडणं, खिळ्याची दोन-चार भोकं, नळाचं झिजलेलं वॉशर, जुन्या गीझरची गेलेली कॉइल. तडकलेलं बेसिन, शेगडीची फुटलेली काच, पाणी साचू दिल्याने फुगलेलं ट्रॉलीचं प्लायवूड ही तुझी. ‘पेंटिंग आणि डीप क्लीनिंग’ म्हणून सरसकट एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत पुण्यात फोफावली आहे. करारात लिहिलेलं असेल तर द्यावं लागेल, नसेल तर बिल माग. सोसायटीचा मेंटेनन्स करारात तुझ्यावर टाकलेला नसेल तर तो तुझा नाही.

विजेच्या शेवटच्या बिलाचं निमित्त हमखास येतं. सोडायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढ, मागच्या बिलावरच्या आकड्यातून युनिट काढ, अंदाजे रक्कम सांग. हवं तर दीड-दोन हजार त्यांच्याकडे राहू दे. दोन हजारांच्या बिलासाठी ७५ हजार अडकवायचं कारण नाही. पाइप गॅस असेल तर त्याचंही असंच.

ताब्याच्या दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ घे: प्रत्येक खोली, नळ चालू करून, पंखे लावून, मीटरपाशी संपव. मग बसून आधी हिशेब, नंतर ट्रान्स्फर, खात्यात आल्याचा मेसेज, त्यानंतर किल्ली. ‘आज यूपीआयची लिमिट संपली’ असं झालं तर आयएमपीएस आहे, चेकही आहे. पुढच्या तारखेचा चेक मिळाला तरी तोंडी वायद्यापेक्षा कितीतरी बरा. तो त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत भर. पैसे नाहीत म्हणून परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, त्यांना १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर महिन्याभरात चेक न वटण्याबद्दलच्या, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातल्या कलम १३८ खाली तक्रार. या तारखा चुकल्या की प्रकरण लंगडं होतं.

काहीच न देता किल्ली मागितली आणि करारात राहायची मुभा नसली, तर किल्ली दे, पण ताबापावतीवर ‘अनामत ७५,००० रुपये देणे बाकी’ असं लिहून सही घे. सही करत नसतील तर तिथूनच तो मजकूर आणि व्हिडिओ त्यांना पाठव. किल्ली घ्यायलाच येत नसतील तर घर रिकामं केल्याचं आणि किल्ली द्यायला तयार असल्याचं त्याच दिवशी लेखी कळव, नाहीतर पुढचं भाडं तुझ्या नावावर चढेल.

मग १५ दिवस वाट पाहायची, जास्त नाही. त्यानंतर स्पीड पोस्टाने पत्र, पोहोचल्याचा पुरावा जपून ठेव. त्यात रक्कम, मुदत आणि ‘या तारखेपासून व्याज मागेन’ हे वाक्य हवंच. करारात पैसे परत द्यायची ठरलेली तारीख नसेल तर व्याज कायदा, १९७८ प्रमाणे अशा लेखी मागणीपासूनच व्याज धरलं जातं. याने हललं नाही तर वकिलाची नोटीस. पोलिसांत जाऊन अर्धा दिवस घालवू नकोस, दिवाणी मामला म्हणून परत पाठवतील. सोसायटीच्या ग्रुपवर बदनामीही नको.

कोर्टाआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज कर. तिथे लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. मात्र समोरचा यायला हवा. नाहीच आला तर लेखी कराराच्या आधारे समरी सूट (लवकर निकाली निघणारा दावा) बसतो का, कुठल्या कोर्टात, हे वकिलाला विचार. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं आहे, पण तोवर थांबायचं नाही.

२ महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट बेकायदा, असं कुणी सांगेल. ते केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यावर वाद घालत बसू नकोस.

करारातल्या अनामतीच्या कलमाचा फोटो आज रात्री पाठव. ‘ताबा देतेवेळी’ हे शब्द त्यात आहेत की नाहीत, त्यावर पत्रातलं एक वाक्य बदलावं लागेल.

तुझा,
काका