कोरी डायरी आणि भरतीची वेळ

मे महिना लागला की मालवण-देवगडकडच्या पालकांचं एकच गाऱ्हाणं असतं: “मॅडम, ह्यो पुस्तकाक हात लावणा नाय. डायरी हाडून दिलंय, ती कोरीच.”

सहावीतल्या एका मुलाची आईही हेच सांगत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) डायरी तशी कोरी नव्हती. पहिल्या चार पानांवर ‘आज मी खूप मजा केली’ आणि त्यावर आईने लाल पेनाने सुधारलेले ऱ्हस्व-दीर्घ. पुढे काही नाही.

“दिवसभर काय केलंस?”
“काय नाय.”
“होतास कुठे?”
“आजोबांवांगडा. रापणीर.” (आजोबांबरोबर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.)
“रापण कधी ओढायची, कोण ठरवतं?”
“पाणी ठरवता.”

मला हवं ते इथे सापडलं. लिहिण्यासारखं मुलाकडे भरपूर असतं. ते डायरीत चालतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आधी बघायचं, मग लिहायचं. भावना मागून आपल्या पायांनी येतात. या क्रमावर मी ठाम आहे.

त्याला चाळीस पानी वही दिली आणि पेन्सिल, कारण दमट हवेत कागद ओलसर होऊन शाई फुटते. रोज तीनच ओळी: तारीख, भरती पूर्ण झाल्याची वेळ, दिसलेली एक गोष्ट. आईला एकच पथ्य, त्याने दाखवल्याशिवाय वही उघडायची नाही.

पुढच्या भेटीत वहीत ओळीने होतं: 11:10, 12:00, 12:45, 1:35. मी त्या आकड्यांवर बोट ठेवून गप्प बसले. तोही बराच वेळ बघत राहिला. मग एकदम म्हणाला, “रोज पाऊण तास फुडे जाता!” घरी आजोबांनी हिशेब दिला: पौर्णिमा-अमावास्येनंतरची तिथी घे, तिची पाऊणपट कर, चतुर्थीला तीनच्या आसपास भरती. तिथीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं, मग त्याची मागची पानं वाचून झाली, आणि चंद्राचं कोडं सोडवायला भूगोलाचं पुस्तक निघालं. न सांगता, सुट्टीत.

घरोघरी बिघडतं ते ठरलेल्या जागी. मुंबईची भावंडं आली की चार दिवस लिहिणं सुटतं आणि पालक ते भरून काढायला लावतात. तसं करू नका. आठवून रचलेली पानं खोटी होतात. पान कोरं राहू दे. रात्री लिहायला बसवू नका, मूल पेंगतं. दुपारी जेवणानंतर उन्हाने घरात अडकलेला अर्धा तास उत्तम. त्यातली पंधरा मिनिटं वाचन, आणि पहिला आठवडा मोठ्यांनीच मोठ्याने वाचावं, गोष्ट ऐन रंगात आली की थांबावं. उरलेली गोष्ट वाचायला मूल स्वतः पुस्तक उघडतं. एका पानात पाच शब्द अडले तर ते पुस्तक सध्या बाजूला. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. तेव्हा वडिलांनीही शेजारी काहीतरी वाचत बसावं.

शेवटच्या भेटीत त्याने स्वतःहून एक पान दाखवलं: ‘भरती 3:05. रापणीत पाव टोपली मासळी. आजोबा घराकडे येईपर्यंत बोलले नाहीत. मी पण नाही.’