वाचकांचे प्रश्न : अचूक आवाज घ्यावा की आवडता आवाज?

प्रश्न : निवृत्तीनंतर निवांत गाणे ऐकता यावे म्हणून नवे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे ठरवले आहे. संग्रहात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेले नाट्यसंगीत आणि ख्यालाच्या बऱ्याच मैफली आहेत. मोजमापांत अचूक ठरलेलाच स्पीकर घ्यावा, असा मुलाचा आग्रह आहे. दुकानात मात्र तो मला कोरडा वाटला आणि शेजारचा भरीव आवाजाचा मनापासून आवडला. काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाचे म्हणणे आणि तुमचे कान यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही. कॅनडातील नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात श्रोत्यांना स्पीकर दिसू न देता आणि सर्वांचा आवाज एका पातळीवर ठेवून चाचण्या घेतल्या, तेव्हा बहुतेकांनी पसंत केले ते खर्जापासून तारापर्यंत कोणत्याही भागाला झुकते माप न देणारे स्पीकर, म्हणजे मोजमापांतही अचूक ठरणारेच. पुढे १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून आणि पडद्याआड ठेवून ऐकवले, तर श्रोत्यांची पसंती बदलली. दुकानात आपण डोळ्यांनीही ऐकत असतो. शिवाय दोन स्पीकरांपैकी एक जरासा मोठ्याने वाजत असला, तरी तो मोठा न वाटता सरस वाटतो. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून, तुमच्याच संग्रहातील एखादा विलंबित ख्याल निदान पंधरा मिनिटे ऐका.

भरीव आवाजाचा मोह मलाही झाला होता. महिनाभर मी खूश होतो. मग हळूहळू लक्षात आले, की तबल्याला कोणीही बसलेले असो, डग्गा एकाच सुरात घुमतो आहे. मनगट दाबून, सरकवून डग्ग्यावर जी मींड काढतात, तिचा चढउतार त्या घुमण्यात पार बुडून जात होता. स्पीकरने आपल्या पदरचा घातलेला रंग प्रत्येक मैफलीवर चढतो आणि तो नंतर काढणे कठीण असते, म्हणून माझे मत स्पष्ट आहे : स्पीकर अचूक घ्या, आणि आवडीसाठी बेस व ट्रेबलची बटणे असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्या. अलीकडे अनेक महागड्या अ‍ॅम्प्लिफायरांवरून ही बटणे गायब झाली आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ती बटणे वापरणे म्हणजे संगीताशी प्रतारणा नव्हे. आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते; तेव्हा पहाटे घरचे झोपलेले असताना हळू आवाजात तोडी ऐकताना बेस थोडा वाढवला, तर उलट मूळ तोलच परत मिळतो. जुन्या तबकड्यांवर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाण्यापेक्षा खरखरच अधिक असते. तिथे ट्रेबल उतरवावा आणि अलीकडचे ध्वनिमुद्रण लावताना बटण पुन्हा मध्यावर आणावे.

खोलीचा विचार मात्र खरेदीआधीच करा. तुमची बैठकीची खोली १६ फूट लांब आहे असे धरू. अशा खोलीत सुमारे ७० हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींपाशी आणि बरोबर मधोमध फुगतो, आणि काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार नेमकी तिथेच, ६९ हर्ट्झच्या आसपास येते. मागच्या भिंतीला टेकलेली खुर्ची चार फूट पुढे घेतली, तर हा फुगवटा बराच ओसरतो. यासाठी एक पैसाही लागत नाही, आणि स्पीकर बदलूनही जे साधत नाही ते कधीकधी एवढ्याने साधते.

प्रश्न : व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मला गोड वाटतो. ही फसवणूक आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : गोडवा खरा आहे, फक्त तो मूळ ध्वनिमुद्रणातला नाही. असे अनेक अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक स्वरात त्याच्याच वरच्या सप्तकातील स्वराची किंचित भर घालतात. षड्जाला तार षड्जाची साथ मिळते, म्हणून ती भर बेसूर लागत नाही. मात्र त्यांपैकी बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरांचा तोल स्पीकरागणिक बदलतो, त्यामुळे दुकानातल्या जोडीवर विसंबू नका. तुमच्या स्पीकरांना जोडून, घरीच ऐका. आठवडाभर ऐकूनही आवडला, तर निःशंकपणे घ्या. व्हॉल्व्ह कालांतराने बदलावे लागतात आणि ते चांगलेच तापतात, तेव्हा बंद कपाटात ठेवू नका.